दूध जर उतू गेलं

वनमालेचं मॅट्रिकचं घोडं इंग्रजीच्या डिपेंडंट क्लॉजपाशी अडलं होतं. घाटकोपरच्या चाळीत शेजारी राहणारी नीला शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवसांत दुपारी हिला घेऊन बसायची. "कर्ता आहे, क्रियापद आहे, मग हे पुरं वाक्य का नाही गं?" वनमाला पुन्हा पुन्हा विचारी, आणि नीला कपाळाला हात लावी.

त्या दुपारी सासूबाईंनी आतून हाक मारली, "गो वनमाला, दूध जर उतू गेला..." आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. वनमाला दारात खोळंबून उभी. खोकला थांबला तेव्हा त्या म्हणाल्या, "तर माझ्या नावान बोंबलू नको, मी देवळात चल्लंय."

वनमाला तशीच नीलाकडे पळाली. "कर्ता होता, क्रियापद होतं, तरी मी उभीच. ऐकणाऱ्याला खोळंबवून ठेवतो, तोच ना तुझा क्लॉज?"

"तोच. आणि सुटका करतो तो मेन क्लॉज."

मग तिच्या अंगात वारंच शिरलं. वाण्याला ती म्हणाली, "तुमच्या डाळीत जरी खडे असले," आणि दुकानाची पायरी उतरली. "तरी काय, ताई?" तो मागून विचारत राहिला. "ज्या बाईनं तुझी परात नेली," एवढंच ऐकून शेजारची मालन जिन्यापर्यंत तिच्या मागं आली. तेवढ्यात घरी दूध खरोखरच उतू गेलं.

संध्याकाळी तिचा नवरा दत्ताराम गिरणीतून आला. त्याला चहा देत ती म्हणाली, "अहो, मी जेव्हा मॅट्रिक होईन..."

त्यानं बशी खाली ठेवली. "तेव्हा काय?"

दिवसभर लोकांना लटकवताना पुढचं अर्धं तिनं जुळवलंच नव्हतं. ते आपसूक तोंडातून आलं. "तेव्हा मी टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करीन."

वाती वळणारे सासूबाईंचे हात थांबले.

"आणि मी नको म्हटलं तर?"

वनमालेला हसू आलं. "तुम्ही जरी नको म्हटलंत, तरी मी अर्ज करीन."

सासूबाई म्हणाल्या, "करूंदे रे. पन सकाळचो डबो कोन भरतलो, ता पयला ठरवा."

"जो आधी उठेल तो," दत्ताराम घुश्श्यातच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तोच आधी उठला. स्टोव्ह काही पेटेना, तेव्हा तो तिला हाका मारू लागला. वनमाला जागीच होती. उशीत तोंड खुपसून ती हसत होती.