बाळ्या, ढकल रे!

"इसवास बसणार न्हाई तुमचा, पण ऐका," असं म्हणून सटवाजी आबा गोष्टीला हात घालायचे, आणि बोरीच्या स्टँडवरच्या हॉटेलात खरोखरच कुणाचा विश्वास बसायचा नाही. म्हणून तर लोक ऐकायचे. येलदरीच्या धरणात आबांनी धरलेला मासा बाहेर काढला तेव्हा धरणाचं पाणी हातभर खाली गेलं होतं. त्यांच्या ट्रॅक्टरनं नांगरता नांगरता एकाची विहीर ओढून दुसऱ्याच्या वावरात नेऊन ठेवली होती. लोक पोट धरून हसायचे, चहा संपवायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. थापेचा धर्म एवढाच. हसवावं आणि माणसाला शहाणपणानं घरी जाऊ द्यावं.

पण त्या गुरुवारी चारठाण्याच्या वाटेवरच्या माळावर जी माणसं जमली होती, त्यांना घर आठवत नव्हतं.

माळाच्या पायथ्याशी एक बिनटपाची जीप उभी होती. बॉनेटवर झेंडूच्या माळा, माळांच्या मधोमध बालाजी नावाच्या मयत पोराचा फोटो. गाडी हाकायला भुजंगनाथ महाराज. भगवी लुंगी, काळा गॉगल. शेजारच्या सीटवर डोक्यावरून भगवी शाल पांघरलेली कुसुमबाई. बालाजीची आई, आणि सटवाजी आबांची धाकटी बहीण. समोरची चढण अशी की शेळीसुद्धा तिरकी चालून चढते.

"माउली!" महाराज गरजले. "देह गेला, पण दम ऱ्हायला! पेट्रोल ही माया हाय, इंजिन हा देह हाय, अन् बालाजी हा पिराण हाय! ज्याच्या मनात शंका, त्यानं गाडीच्या मागं उभं ऱ्हाऊ नये, आत्मा कधी कधी लाथ मारतो!"

शंकावाले पटकन बाजूला सरकले.

जीप निघाली. निम्म्या चढणीवर तिचा घसा बसला. ती कण्हू लागली, थरथरू लागली. महाराजांनी एक हात वर केला. "माय, हाक मार!"

शालीतून आवाज आला, "बाळ्या, ढकल रे!"

आणि गाडीला गांधीलमाशी चावावी तशी ती उसळली. एका दमात माथ्यावर. टाळ्या, शिट्ट्या, "बालाजीबाबा की जय!" माथ्यावर महाराजांनी सीटखाली हात घातला आणि पांढराशुभ्र बर्फाचा चुरा काढून दाखवला. एवढ्या उन्हात बर्फ! "आत्म्याचा थंड श्वास! हिमविभूती!" बायका पदर पसरून धावल्या.

आणि शालीखाली कुसुमबाई हसत होती. खळखळून, लहान पोरीसारखी.

तेवढं हसणं ऐकून आबांच्या काळजाचं पाणी व्हायचं. कारण बालाजी गेल्यापासून ही बाई दुसरीकडे कुठंच हसली नव्हती.

बालाजीचं बोरीत गॅरेज होतं. चढाईच्या स्पर्धेसाठी ही जीप त्यानंच बांधलेली. आबा शेजारी बसून नटबोल्टाचे पाने देत, थापा मारत. गाडीच्या मागं त्यानं ब्रेक दाबताच पेटणारे थोरले लाल दिवे लावले तेव्हा आबा म्हणाले, "अरे, लग्नाची वरात काढायलास का?" तर म्हणाला, "मामा, पुढचं आपल्याला दिसतंय. मागच्याला आपण दिसाय पायजे." तोच पोरगा दिवेलागणीला मोटरसायकलवरून जिंतूरहून येताना रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागं दिवाच नव्हता.

भुजंग तेव्हा महाराज नव्हता. स्पर्धेत बालाजीची गाडी पळवायचा. तेरवी झाल्यावर डोळे पुसत आला, "काकू, दोस्ताची आठवण म्हणून गाडी द्या." कुसुमबाईनं दिली. पुढच्या अमावस्येला त्याच्या अंगावर भगवं चढलं.

बालाजीची बायको राजनंदिनी परभणीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. सुट्टीला घरी आली तर सासू भिंत धरून चालत होती.

"आत्याबाई, पायाला काय झालं?"

"काई न्हाई गं. मुंग्या येतेत. तळवे बधिर पडलेत. महाराज म्हणले, बाळ्या पाया पडायलाय." कुसुमबाईनं पाय पोटाशी घेतले. "पडू दे बापा. जित्तेपणी सणासुदीलाबी वाकलं न्हाई ते पोरगं."

रात्रीचा स्वयंपाक करता करता राजनंदिनीनं आबांना चुलीपाशी बोलावलं.

"मामा, जीपच्या सीटखाली टाकी हाय ना? कोणत्या रंगाची?"

"निळी. बाळ्यानं माझ्यासमोर बसवली. एक नळी टाकीची, एक पेट्रोलची. बटण दाबलं की दोन्ही संगंच सुटायच्या. म्हणायचा, मामा, गाडीला नुसता श्वास देऊन भागत न्हाई, घासबी द्यावा लागतो."

"तसलीच निळी टाकी आमच्या ऑपरेशनच्या खोलीत असते, हसवणाऱ्या गॅसची. पेशंटला सुंगवतेत, पण संग ऑक्सिजन मिसळून. नुसता हुंगला तर माणूस हसतंय, हलकं होतंय. अन् दर आठवड्याला हुंगला तर पायाच्या नसा मरतेत. आत्याबाई तर माळकरी, मटण-अंडं वर्ज्य; नसांना लागणारं बी-ट्वेल्व अंगात आधीच कमी, अन् हा गॅस तेच मारतो. मामा, त्या शालीत एक दिवस त्यांचा श्वासच थांबल."

आबा तसेच उठले आणि बहिणीसमोर जाऊन बसले. टाकी, नळी, बटण, सगळं सांगितलं. कुसुमबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं सांगून? मला तितंच हसू येतंय, दादा. तेबी न्यायचंय का तुला?"

दुसऱ्या दिवशी आबांनी हॉटेल गाठलं. या खेपेला "इसवास बसणार न्हाई" असं म्हणाले नाहीत. सरळ म्हणाले, "ऐका रे. त्या जीपखाली गॅसची टाकी हाय. बाळ्या-बिळ्या कुणी ढकलत न्हाई."

हॉटेल हसून हसून आडवं झालं. हॉटेलवाला बन्सीधर डोळे पुसत म्हणाला, "आबा, टाकीत तो येलदरीचा मासा तर न्हाई ना?"

जन्मभर खोटं बोलून जेवढं हसू मिळालं, तेवढंच पहिल्यांदा खरं बोलून मिळालं. आबांनी चहा तसाच ठेवला आणि उठले.

गुरुवारी माळावर गर्दी तशीच. महाराज शाल झटकत होते, तेवढ्यात आबा पुढं झाले. "महाराज, आज मामाला भेटू द्या की भाच्याला. माझ्या अंगाखांद्यावर वाढलंय लेकरू."

"भेटू द्या, भेटू द्या!" लोकच ओरडले. महाराजांचा गॉगल जरा घसरला, पण नाही म्हणता येईना.

आबा सीटवर बसले. डोक्यावर शाल पडली. आत अंधार, काहीसा गोडसर वास. आबांनी ठरवून बाळ्याचा शेवटचा दिवस आठवला. रस्त्यावर पडलेली त्याची एक चप्पल. चपलेवर बसलेली धूळ. ती चप्पल आपण हातात घेऊन घरी आलो, आणि कुसुमनं विचारलं, दुसरी कुठं हाय...

आणि आबांना हसू आलं.

पोटातून आलं, आवरेना. चप्पल डोळ्यापुढून हलत नव्हती आणि तोंड हसत होतं. आयुष्यात एवढं भेदरलेलं माणूस एवढं हसलं नसेल. आबांनी शालीत चाचपलं. सीटच्या मागून आलेली करंगळीएवढी नळी हाताला लागली. शालीसकट ती उपसून त्यांनी वर धरली. डोळ्यातून धारा, तोंडावर हसू.

"बालाजीबाबा की..." लोकांनी सुरू केलं.

"थांबा!" राजनंदिनी जीपपाशी आली. सीटखाली वाकून तिनं टाकीची चावी फिरवली. "टाकी बंद केली. आता चढवा गाडी."

"आत्मा रुसल!" महाराज ओरडले. "सत्यानाश हुईल! वांझ हुईल ही माती!"

"माळावर काय पिकायलंय महाराज आधीच?" बन्सीधर म्हणाला. त्याची नजर नळीवरून हटत नव्हती. "चढवा की. एकदा बगू."

भुजंग स्टिअरिंगला हात लावीना. राजनंदिनीनं आबांना खाली उतरवून मोकळी हवा घ्यायला लावली. डोकं ठिकाणावर आलं तसं जन्मभर ट्रॅक्टर हाकलेला तो म्हातारा भुजंगला बाजूला सारून स्वतः बसला. भुजंगची युक्ती त्याला पहिल्याच दिवशी कळली होती, पण बहिणीच्या हसण्यापायी त्यानं ती उघड केली नव्हती. गाडी मुद्दाम वरच्या गिअरमध्ये अडकवायची, म्हणजे ती निम्म्यात दमते. आबांनीही तसंच केलं. जीप निम्म्यापर्यंत गेली आणि कण्हू लागली. आबांनी बटण दाबलं. काही नाही.

कुसुमबाई खाली, गाडीच्या मागं उभी होती.

"बाळ्या, ढकल रे!"

गाडीनं आचका दिला, बंद पडली, हातभर मागं घसरली आणि थांबली.

"बाळ्या! अरे मी हाय! ढकल रे बाबा!"

माळावर वाऱ्याशिवाय काही हललं नाही. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फुटला. एवढी माणसं, पण कुणी कुणाच्या डोळ्यात बघेना.

राजनंदिनीनं चढून टाकीची चावी उघडली. "बन्सीधरभाऊ, आता तुमी हाक मारा. कुणालाबी मारा."

बन्सीधर पुढं झाला. "कुंभकर्णा... ढकल रे!"

आबांनी गाडी चालू केली, बटण दाबलं. जीप उसळली आणि माथ्यावर जाऊन उभी राहिली. एरवी या हाकेवर माळ हसून फुटला असता. कुसुमबाईच्या तोंडाकडे बघून कुणीही हसलं नाही.

राजनंदिनीनं थोडक्यात सांगितलं. हा गॅस स्वतः जळत नाही, पण इंजिनच्या आचेत फुटून ऑक्सिजन सोडतो. मग जास्तीचं पेट्रोल एकदम जळतं आणि गाडीला क्षणभर बळ येतं. टाकीतून सुटताना तो गारठतो, म्हणून नळीवर हवेतल्या ओलीचा बर्फ धरतो. तीच विभूती. तिसरी नळी शालीत. तेच हसू. "पायाच्या मुंग्या म्हणजे पाया पडणारे त्यांचे हात न्हाईत, मरायलेल्या नसा हायेत," ती म्हणाली.

भुजंगनं गॉगल काढला. "मलाबी त्याची लय आठवण येते, आबा."

"म्हणून त्याच्या मायला गॅस पाजतोस व्हय रे?"

संध्याकाळी कुसुमबाई ओट्यावर बसून होती. उद्या सून तिला परभणीच्या दवाखान्यात नेणार होती. इंजेक्शनं सुरू केली तर पाय बहुतेक सुधारतील म्हणाली होती. कुसुमबाई तळव्यांवरून हात फिरवत होती, जणू तिथून कुणी उठून गेलं होतं.

आबांना ते बघवेना. ते शेजारी येऊन टेकले.

"कुसुम, इसवास बसणार न्हाई तुजा, पण ऐक. लोकायला सांगितलं न्हाई मी. टाकी बंद होती ना, तवा गाडी माघारी यायली होती. अन् मधीच थांबली. माजा पाय ब्रेकवर नव्हता. मागून कुणीतरी हात लावल्यावानी थांबली. तुजी शपथ."

कुसुमबाई भावाकडे वळली.

"खोटं बोलायलास, दादा. मी मागंच हुबी व्हते. गाडी थांबली तवा दोनीबी लाल दिवे लागले. तूच ब्रेक दाबलास." तिनं पदरानं भावाचे डोळे पुसले. "तसला येक दिवा त्या ट्रॉलीला असता, तर माझं लेकरू घरी आलं असतं. उद्या हॉटेलात जाऊन हे सांग. म्हणावं, इसवास ठिवायचाच असंल, तर मागच्या दिव्यावर ठिवा."