तिसऱ्या मापाची रिंग

मित्रांनो, मी एक जुनी रिंग आहे. बोटात घालायची नव्हे, सायकलच्या चाकाचीही नव्हे. तळहातावर मावेल एवढी, मऊ, पांढुरकी, सिलिकॉनची. चिमटीत दाबली की दुमडते, सोडली की पुन्हा गोल होते. एवढा एकच गुण घेऊन मी जन्माला आले.

साच्यातून निघाल्यावर मला कोणीतरी तपासले, पाकिटात बंद केले आणि मी एका मोठ्या दवाखान्यात, स्त्रियांच्या विभागातील एका खणात येऊन पडले. खणात माझ्या बहिणी मापाप्रमाणे ओळीने होत्या. आम्हाला बाहेर पाहायला खिडकी नव्हती. आम्हाला तशी गरजही नव्हती.

माझे काम काय, ते सरळच सांगते. बाईच्या ओटीपोटात गर्भाची पिशवी असते, लघवीची पिशवी असते. त्यांना खालून तोलून धरणारे स्नायू झोळीसारखे असतात. बाळंतपणे, वर्षानुवर्षे उचललेली ओझी, जुना खोकला, वाढते वय यांनी ती झोळी सैल पडते आणि पिशवी खाली सरकते. कधी ती बाहेरही येते. बायका याला अंग बाहेर येणे म्हणतात आणि तेही कुजबुजत. सैलपणा थोडा असेल तर व्यायामाने फरक पडतो. फार असेल तर शस्त्रक्रिया करतात. आणि माझ्यासारखी रिंग आत बसवली, तर ती सगळे वर तोलून धरते. सहसा हे दुखणे जिवावर बेतत नाही. म्हणूनच बायका ते अंगावर काढतात.

माझी बाई एका लाँड्रीत कामाला होती. ओल्या चादरींच्या टोपल्या उचलायच्या, पिळायच्या यंत्रात घालायच्या, पुन्हा उचलायच्या. तिची तीन बाळंतपणे झाली होती. जगली ती एक मुलगी. अकरा वर्षे बाईचे अंग बाहेर येत होते. सकाळी बरे असायचे, दुपारनंतर मांड्यांमध्ये जड गोळा लोंबकळायचा. कामावर ती संडासात जाऊन तो बोटांनी आत सारायची, कापडाची घडी बांधायची आणि परत टोपलीपाशी यायची.

घरी कोणाला ठाऊक नव्हते. मुलीचे लग्न झाले, ती तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. चार वर्षांत आई एकदाही तिच्याकडे गेली नाही.

"तुला माझं घर नकोच आहे," मुलगी म्हणायची.

"जिने बघितले की कंटाळा येतो गं."

"लाँड्रीत दिवसभर उभी असतेस, तेव्हा नाही येत?"

आई उठून चहा टाकायची. आईला कुठे जायला आवडत नाही, असे घरात ठरून गेले होते.

शेवटी कापडाला रक्त लागू लागले. सारखे घासून त्या जागी जखम झाली होती. तेव्हा बाई एकटीच दवाखान्यात आली. डॉक्टरबाईंनी आधी मलम देऊन जखम भरू दिली आणि मग खण उघडला. पहिली रिंग लहान पडली, बाई उभी राहताच सटकली. दुसरीचे तेच झाले. तिसरी मी.

"आता बाहेरच्या बाकापर्यंत चालून या," डॉक्टरबाई म्हणाल्या. बाई आली. "आता खोका."

"मला खोकला नाही."

"मग उसना आणा थोडा."

बाई खोकली. उकिडवी बसली, उठली. मी जागची हलले नाही. बाई तशीच उभी राहिली, हात पोटाशी धरून.

"दुखतंय का?"

"नाही. काहीच वाटत नाहीये," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "काहीच नाही वाटत."

मित्रांनो, माझे कौतुक झाले ते एवढेच. मला ते पुरले.

आठवड्यातून एकदा मला काढायचे, साबणाच्या पाण्याने धुवायचे, रात्रभर बाहेर ठेवायचे आणि सकाळी पुन्हा बसवायचे, हे डॉक्टरबाईंनी तिला शिकवले. ठरल्या महिन्यांनी तपासायला यायलाही सांगितले. "घरी सांगा," असेही म्हणाल्या.

"इतकी वर्षं नाही कळलं. आता कशाला?"

घर दोन खोल्यांचे. तिचे स्वतःचे असे एकही फडताळ नव्हते. नवरा प्लंबर होता. त्याच्या कामाच्या पेटीत नाना आकारांच्या रबरी चकत्या आणि वॉशर असत. बाईने विचार केला, रिंगांमध्ये एक रिंग कोणाच्या डोळ्यांवर येणार? मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून तिने पत्र्याच्या डबीत घातले आणि डबी पेटीच्या तळाशी ठेवली. पाच महिने हे बिनबोभाट चालले.

मग एका सुट्टीच्या सकाळी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात पाणी तुंबल्याचा निरोप आला. बाई आंघोळीला गेली होती. आदल्या रात्री काढलेली मी अजून डबीतच होते. नवरा पेटी उचलून निघाला.

त्या घरातल्या मोरीच्या पाइपाला त्याने एकेक वॉशर लावून पाहिले. शेवटी डबी उघडली. मी बसेना, तेव्हा त्याने चाकूने माझी एक कड तासली. तरीही बसेना.

घरी आल्यावर त्याने मला टेबलावर ठेवले. "हे कोणी आणून टाकलंय माझ्या पेटीत? नळाला लागत नाही, सिंकला लागत नाही. माल मात्र एक नंबर आहे."

बाई सकाळपासून पेटीची जागा पाहत बसली होती. तिने मला उचलले आणि तासलेल्या कडेवरून बोट फिरवले. अशी रिंग आत घालता येत नाही. तिथे घाण अडकते, जखम होते. आता दोनच वाटा होत्या. पुन्हा कापडाची घडी, नाहीतर बोलणे.

"ती माझी आहे," ती म्हणाली.

"तुझी म्हणजे?"

"माझं अंग बाहेर येतं. ती आत बसवतात."

नवरा खुर्चीवर बसला. डबीतले फडके त्याच्या हातातच होते. "कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली."

"आणि मी लोकांच्या गळत्या शोधत हिंडतोय," तो म्हणाला. हसला नाही. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बोलली का नाहीस?"

"विचारलं का नाहीत?"

दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर दवाखान्यात गेला आणि नवी रिंग बसेपर्यंत बाहेरच्या बाकावर थांबला. मी पुन्हा डबीत गेले. माझे काम संपले होते.

नव्या रिंगेसह बाई मुलीच्या घरी गेली. तिन्ही मजले चढली. मुलीला सगळे सांगितले, चहा घेतला, खिडकीतून खाली पाहिले आणि उजेड चांगला येतो म्हणाली. त्यानंतर ती दर आठवड्याला जाई. असे दोन वर्षे चालले. मग तिला न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवसांत ती गेली.

त्या दिवसाचे मला नव्या रिंगेने सांगितले. ती आता माझ्या शेजारी डबीत असते.

दवाखान्याच्या खिडकीत कारकून बाईच्या वस्तू लिहून घेत होता. खिडकीपुढे रांग होती. "घड्याळ एक. चष्मा एक. केसांचा चाप एक. आणि हे रबर कसलं?"

"राहू द्या, तसंच द्या," मुलगी म्हणाली.

तिचे वडील पुढे आले. "तसंच नको. लिहा. माझ्या बायकोचं अंग बाहेर येत होतं. तिला आधाराला ही रिंग होती. रिंग एक, असं लिहा."

कारकुनाने लिहिले.

नंतर मुलगी बाकावर बसली होती. रांगेतली एक बाई तिच्याजवळ येऊन उभी राहिली, इकडेतिकडे पाहून खाली वाकली आणि म्हणाली, "ताई, ती रिंग कुठे बसवून देतात?"

मुलीने तिला मजला सांगितला, दार सांगितले. मग उठून त्या दारापर्यंत सोडून आली.

मित्रांनो, माझे मागणे लहान आहे. घरातली बाई उठताबसताना कशाचा आधार घेते, ते पाहा. ती कुठे यायला नको म्हणाली, तर तिला आवड नाही असे ठरवून मोकळे होऊ नका. तिला विचारा. ती म्हणेल, काही नाही. थोडे थांबा आणि पुन्हा विचारा.