जाताना करंटवर, येताना पेट्रोलवर

सुकापूरच्या घरतांच्या घरात गाडी घ्यायची ठरली, तेव्हा दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत होतं. एक, गाडी सखूबाईच्या नावावर घ्यायची, कारण जमीन तिच्याच नावावर होती आणि जमिनीवर उभी राहिलेली बिल्डिंगसुद्धा. दोन, त्या गाडीला सखूबाईनं हात लावायचा नाही.

"आये, तू मागं बसायचा. एसीत. रानीवानी," मुलगा निकेश म्हणाला.

"आनि माजी पाटी?"

"कसली पाटी?"

"बोंबलाची."

निकेशनं डोळे मिटून घेतले. सखूबाई पस्तीस वर्षं करंज्याच्या बंदरावरून सुकं म्हावरं आणून पनवेलच्या बाजारात विकत होती. बिल्डिंग झाली, गाळे भाड्यानं गेले, सून लॅपटॉपवर नोकरी करायला लागली, तरी सखूबाईची पाटी काही सुटली नाही. तिचं दुःख वेगळंच होतं. तिचा भाड्याचा टेम्पो करंज्याला पोचायचा सातला. बाजारात शेजारी बसणारी मालू जावयाच्या बाइकवरून पाचलाच पोचायची आणि चांगले बोंबील उचलून मोकळी व्हायची. मालूच्या आधी करंज्याला पोचायचं, एवढं एकच सखूबाईला आता आयुष्याकडून हवं होतं.

"लोक काय बोलतील? बिल्डिंगवाल्याची आय बोंबील इकते?" निकेश म्हणाला.

"ते बोंबील खाऊनशी तू एवढा झालास. तवा लोक काय बोलले?"

इथे धाकटा दीर कमळाकर मध्ये पडला. गावात कुणाचंही काही असलं की कमळाकर मध्ये पडतो. "वैनी, ते सोड. गाडी पेट्रोलचीच घ्यायची. गल्लीत शिरली का शेवटच्या घरातल्या म्हातारीला कळला पायजे, घरतांची गाडी आली!"

"काका, प्लग-इनवाली बघू या ना," सून दिपिका म्हणाली. "रात्री घरी चार्जिंगला लावायची. साठेक किलोमीटर करंटवर जाते, मग पेट्रोलवर. आणि करंटवर असताना आवाजच नाही."

"आवाज नाय?" कमळाकर हादरला. "मंग ती गाडी कसली? मिक्सरपन आवाज करतो!"

सखूबाईनं मनातल्या मनात सुकापूर ते करंजा मोजलं. चाळीसच्या आत.

रविवारी सगळे शोरूमला गेले. सखूबाई रिकामी पाटी घेऊन गेली. दारावरच्या वॉचमननं अडवलं, तर म्हणाली, "इकायला नाय आनलीय, मोजायला आनलीय." आणि सरळ आत जाऊन प्लग-इन गाडीच्या डिकीत पाटी ठेवून बघितली. तिथला राजस नावाचा टाय घातलेला मुलगा धावत आला.

"मावशी, बॅटरीमुळे हिची डिकी जरा लहान आहे. पेट्रोलमध्ये जास्त सामान बसेल."

"दोन पाट्या बसतात. बास झाला. आवाज किती करते?"

"करंटवर असेल तर अजिबात नाही. बाळ झोपलेलं असलं तरी उठणार नाही."

"बाळ अडतीस वर्षाचा असंल तर?"

राजसनं निकेशकडे बघितलं आणि टाय सारखा केला.

मग चालवून बघायची वेळ आली. निकेश ऐटीत बसला. बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. आवाज नाही. असं त्यानं सात वेळा दाबलं. म्हणजे गाडी चार वेळा चालू झाली आणि तीन वेळा बंद.

"ब्याटरी उतरली!" कमळाकर खाली उतरला. "मी धक्का मारतो."

"काका, गाडी चालू आहे!" राजस ओरडला.

"चालू असती तर बोलली नसती?" असं म्हणत कमळाकरनं मागून सगळा जोर लावला. त्याच क्षणी निकेशनं पाय दाबला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघून गेली आणि कमळाकर तसाच पुढे धावत गेला. पुढे दुसरं एक कुटुंब नव्या गाडीचा केक कापत होतं. कमळाकर पोटावर पडला तो थेट केकवर. उठला तेव्हा त्याच्या शर्टावर मलईत उलटं 'अभिनंदन' उमटलं होतं.

"बघितलास? धक्क्याशिवाय चालत नाय!" तो म्हणाला. त्या आठवड्यात हे सगळ्या सुकापूरला कळलं.

निकेशनं तिथल्या तिथे पेट्रोलची काळी गाडी सांगितली, फॉर्म भरायला लावला आणि काकाला धुवायला घेऊन गेला. सखूबाईपुढे फॉर्म आला.

"कंची लिवलीस?"

"पेट्रोल, मावशी."

"काट. परत लिव. प्लगवाली."

"पण दादा म्हणाले..."

"नाव कुनाचा लिवलाय वरती?"

"तुमचं."

"मंग?"

राजसनं नवा फॉर्म घेतला. दिपिका शेजारीच उभी होती. ती भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचत होती.

गाडी यायच्या दिवशी शोरूमचा माणूस ती घरी आणून देणार होता. निकेशनं बेंजोपार्टी सांगितली. कमळाकर गल्लीच्या तोंडाशी हार घेऊन उभा राहिला. सखूबाई मात्र सकाळीच गुडघे शेकायला गेली होती. सहा महिने ती रोज दुपारी गुडघे शेकायला जात होती. गुडघे काही बरे झाले नव्हते, पण लायसन मिळालं होतं.

अकरा वाजले. सगळे कान देऊन उभे. तेवढ्यात लांबून घरघर आली.

"आली! बघ कसा आवाज हाय!" कमळाकरनं हात वर केला. बेंजो सुरू झाला, गुलाल उडाला आणि वळणावरून पाण्याचा टँकर आत शिरला. ढोलाच्या तालात कुणी थांबायला तयार नव्हतं. कुणीतरी टँकरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. दिपिकानं हसू दाबत टँकरला ओवाळलं. कमळाकरनं गुलालानं भरलेल्या डोळ्यांनी ड्रायव्हरच्या गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला. ड्रायव्हरला भरून आलं. वीस वर्षं पाणी घालत होता, पण असा मान त्याला कुणी दिला नव्हता.

या गोंधळाच्या मागून एक पांढरी गाडी आवाज न करता गल्लीत शिरली, घरासमोर उभी राहिली आणि तिच्यातून आधी सखूबाई उतरली, मग देवाचं नाव घेत राजस. सगळे टँकर सोडून घरासमोर परत आले तेव्हा ती गाडीला प्लग लावत होती.

"ही पेट्रोलची नाय!" निकेश ओरडला.

"अर्धी हाय."

"आनि चालवली कोनी?"

सखूबाईनं ब्लाउजमधून लायसन काढून दाखवलं. फोटोत ती रागावलेली दिसत होती. खरं तर ती आयुष्यात पहिल्यांदाच फोटोत खूश होती.

"चावी बाईच्या हातात नको," गुलालात लाल झालेला कमळाकर म्हणाला. निकेशनं चावी घेतली, गोफात घालून गळ्यात अडकवली आणि त्या रात्री खाट टाकून गाडीच्या शेजारीच झोपला. "इंजिन बोलला का मी उठनार," म्हणाला.

शोरूममधून नव्या गाडीबरोबर दोन चाव्या मिळतात; दुसरी कुठे आहे, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

सकाळी निकेश उठला. चावी गळ्यात होती. शेजारी गाडी नव्हती. गाडीच्या जागी प्लगची वायर नीट गुंडाळून ठेवलेली होती. त्यानं आरडाओरडा केला, कमळाकर धावत आला, लोक जमले. कुणी म्हणालं चोरी, कुणी म्हणालं पोलीस.

आणि मग साडेआठला गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजायला लागला. एकसारखा, न थांबता, इंजिनाच्या गुरगुरीसकट. शेवटच्या घरातली म्हातारी काठी टेकत दारात आली. गाडीच्या आधी वास आला. मग काचेतून सखूबाई दिसली, आणि डिकीत दोन पाट्या भरून बोंबील, पांढरेशुभ्र, एकाला एक जोडीचे.

"आये, हॉर्न कशाला?" निकेशनं कानांवर हात ठेवले.

"जाताना तुमची झोप नको मोडायला. येताना कळला पायजे ना, घरतांची गाडी आली." तिनं डिकी उघडली. "मालू पाचला आली. मी तवा चाय पीत बसलेली."

सखूबाईनं एक पाटी उचलून निकेशच्या हातात दिली, दुसरी कमळाकरच्या.

"आनि भावजी, उद्या पहाटं येनार का धक्का मारायला?"