इंजिनबाबा आणि पिवळा दिवा

बायको, प्रमोदिनी, गेली हे सयाजीला गाडीतच कळलं. दवाखान्यात तिचा डबा घेऊन निघाला होता, रंकाळ्याजवळ फोन आला. पुढचं सगळं भावकीनं केलं. गाडी तेराव्यापर्यंत दारात उभी राहिली. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. सगळ्यांनी हात जोडून काय काय कबूल केलं, तरी कावळा झाडावरून हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तेराव्यानंतर सयाजीनं गाडी चालू केली, तर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला तो विझेना.

"वैनींचा जीव गाडीत अडकलाय," शेजारचा बंडू म्हणाला. "कावळा उगाच न्हाय अडला."

गॅरेजवाला बॉनेट न उघडताच "अख्खं वायरिंग बदलाय लागंल" म्हणाला. त्याच्या आकड्यापुढं इंजिनबाबा स्वस्त वाटला.

कळंब्याच्या रस्त्यावर दर रविवारी बाबाचा मांडव आणि बाहेर गाड्यांची ही रांग. चेला स्टिअरिंगखाली भगव्या फडक्यात गुंडाळलेलं 'रक्षायंत्र' लावायचा. बाबाच्या हातात मोबाईल, त्यात म्हणे गुरूंचा फोटो. "ओम पेट्रोलाय नमः, ओम डिझेलाय नमः," की दिवा गुल. लोक बॉनेटच्या पाया पडायचे. सीएनजीचा मंत्र वेगळा होता, दक्षिणाही वेगळी.

सयाजीचा दिवा विझला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाईंची इच्छा ऱ्हायलीया," बाबा म्हणाला. "बॉनेटखाली रोज दहीभात ठेव."

त्यानं ठेवला. आठवड्यात दिवा परत हजर. मग बाबाचा निरोप आला, बाईंची नथ मठात दे, तरच सुटंल ती.

तिच्या अंगावरचं एवढंच सोनं मागं राहिलं होतं. पण ती अडकून पडली असेल, या विचारानं सयाजीला झोप नव्हती. त्यानं नथ रुमालात बांधली. त्याची भाची संयोगिता आयटीआयत मोटार मेकॅनिक शिकवायची. ती म्हणाली, "मीबी येते, मामा."

"तुझा इस्वास न्हाय की."

"नसू दे. मामी खरंच गाडीत असंल तर मलाबी बघायचीया."

रविवारी बंडूही आला. रांगेत असतानाच संयोगितानं पर्समधनं काडेपेटीएवढं यंत्र काढलं आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचलं. चेला फडकं घेऊन वाकला, चाचपडला, मग बाबाच्या कानाला लागला. बाबानं तरी सुरुवात केली. पेट्रोल झालं, डिझेल झालं, गडी सीएनजीवर आला. दिवा ढिम्म.

"आत्मा रुसलाय. नथ आदी ठेव."

सयाजीनं खिशात हात घातला, आणि दिवा विझला.

"बघितलासा? नथीला हात लागला न् सुटली."

"मी विझवला, महाराज," चहाच्या गाड्यावरून संयोगिता म्हणाली. एका हातात कप, दुसऱ्यात मोबाईल. "मंतरबी न्हाय म्हटला. चहा पीत हुते."

तिनं चेल्याच्या हातातलं फडकं ओढलं. आत तसलंच यंत्र.

"हे ऑनलाइन मिळतं, तुमच्या एका खेपंच्या दक्षिणेत. गाडीनं लिहून ठेवलेली तक्रार ह्यानं मोबाईलवर वाचता येती, पुसताबी येती. पुसली की दिवा जातो, बिघाड तिथंच ऱ्हातो. चार दिसांनी गाडी परत बोंबलती. मी पुसायच्या आदी वाचली. सेन्सरची वायर हाय."

तिनं बॉनेट उघडलं. भाताची शितं, उंदराच्या लेंड्या आणि एका तारेवर लोंबणारी कुरतडलेली वायर.

"मामा, रोज कुणाला जेवू घालत हुता बघा."

लोक हसले. बंडूला पटेना. "पर भात नंतर ठेवला. दिवा तर आदीच लागलाता."

संयोगिता म्हणाली, "बरोबर बोललासा, बंडूकाका." तिनं गाडीत वाकून सीटखाली हात घातला आणि पिशवी ओढली. भाकरी बांधलेल्या फडक्याच्या चिंध्या झाल्या होत्या. खाली घट्ट झाकणाचा डबा. सयाजीनं तो ओळखला. त्या दिवशी दवाखान्यात न्यायला घेतलेला तोच हा.

"उंदीर ह्याच्यासाठी आलतं," ती हळू म्हणाली.

तिनं तिथंच वायर जोडली, वर टेप गुंडाळली आणि रांगेकडं वळली. "दिवा पिवळा लागला तर घाबरू नका, एक-दोन दिसांत वाचून घ्या. लुकलुकला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. आदी कारण विचारा, मग खिशात हात घाला. न बघता वायरिंग बदला म्हणणारा गॅरेजवालाबी ह्या बाबाचाच भाऊ."

दिवा पुन्हा लागला नाही. नथ कपाटात आहे. कावळा का शिवला नाही, हे सयाजी आता कुणाला विचारत नाही. त्या सकाळी घाटावर पिंडं बक्कळ होती आणि कावळ्यांची पोटं भरलेली होती.

डबा तेवढा अजून धुवायचा राहिला आहे.