फळ्यांवरचं घर

हर्षाली जुन्नरच्या शाळेत चित्रकला शिकवते, आणि स्वतःचं चित्र काढायला बसली की एकच घर काढते, डिंभ्याच्या धरणात गेलेलं. त्या घराच्या माळ्याला खालून चित्रं होती आणि आपण अंथरुणावर उताणं पडून ती बघायचो, असं तिला पक्कं आठवायचं. थोरला भाऊ संपत दरवेळी खिल्ली उडवायचा. "चार वर्साची व्हतीस तू. माळ्याला चित्रं न्हाई, जळमटं व्हती."

इतक्यांदा ऐकून तिलाही वाटायला लागलं की हे सगळं आपण मागाहून रचलं. दिवाळीपासून तिनं ब्रशला हात लावला नव्हता. लहानपणच खोटं निघालं, तर काढायचं काय?

शिमगा झाला आणि संपतनं मंचरजवळच्या घराला स्लॅब टाकायचं काढलं. या घराचं लाकूड जुन्या घराचंच. पाणी चढायच्या आधी गावानं आपापली घरं उतरवली होती, नव्या जागी तशीच उभी करता यावीत म्हणून लाकडांवर चुन्यानं आकडे टाकून. यांच्या वडिलांना, आबांना, आकडे येत नव्हते. तरी त्यांचंच घर सगळ्यात आधी उभं राहिलं, याचं गावाला अजून कोडं आहे. संपत ते वर्षभर तळेघरला वसतिगृहात होता, तो आला तो थेट नव्या घरात.

माळ्यावरचा मातीचा थर खरवडून गड्यांनी फळ्या अंगणात आणल्या. जुन्नरहून आलेल्या हर्षालीनं पहिली फळी झाडली. फळीवर बैल होता, गाडीच्या वंगणात काजळी कालवून काढलेला. दुसरीवर चूल, तिसरीवर जातं. ज्या फळीखाली जे होतं, तेच आबांनी आकड्याच्या जागी तिच्यावर काढून ठेवलं होतं. नव्या घरात मात्र, लोक हसतील म्हणून असेल, चित्रांची बाजू वर घालून त्यांनी माती पसरली होती.

बैलाच्या पाठीची रेघ शिंगापासून शेपटीपर्यंत हात न उचलता ओढलेली. हर्षाली तशीच ओढते. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, असं ती आजवर सांगत आली होती.

पुढच्या फळीवर एक लहान मुलगी उताणी पडली होती, डोळे टक्क उघडे.

"भाऊ, ही मी."

संपत एकेक फळी झाडून बघायला लागला, आधी सावकाश, मग घाईनं. ढिगाच्या तळाशी एक पोरगा निघाला. पाठीला दप्तर, तोंड घराकडे.

"मी तर न्हवतोच तिथं," संपत म्हणाला.

"तुझ्या अंथरुणाच्या वरची फळी आहे ती."

त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं पोराच्या तोंडावरची माती पुसली. मग ती फळी उचलून तिच्या फळीशेजारी नेऊन ठेवली आणि गड्यांना हातानंच थांबायला सांगितलं.

"आता ह्याच्या फुडं कुठली, ते तू सांग," तो म्हणाला. "तुला आठवतंय."

हर्षाली अंगणातच उताणी पडली आणि सांगायला लागली.