वाळूतला झिरा

मित्रांनो, झुंबरच्या घरी जया जन्मली, ते साल १९८८. त्याच्या खोलीमागून वाहणारी मी एक जुनी, लहान डोंगरनदी आहे. रांध्याच्या बाजूच्या टेकड्यांतून उतरते आणि दमणगंगेला मिळते.

उन्हाळ्यात माझी धार आटते. मग पाड्यातल्या बाया माझ्या वाळूत खड्डा करतात. तो झिरा. त्यात गाळून आलेलं पाणी वाटीने घागरीत भरतात. इथली रीत अशी, की सकाळी सर्वांत वडील बाईने आधी ओंजळभर प्यायचं, मग इतरांनी भरायचं.

झुंबर धुळ्याकडचा, सायलीच्या एका कारखान्यात रंगखात्यात कामाला. त्या वर्षी झिऱ्याची वाळू सारखी ढासळत होती. त्याची बायको शैलजा बाळंतीण, पाण्याचे हाल. म्हणून त्याने कारखान्यातला रिकामा निळा ड्रम आणला, बूड कापलं आणि संध्याकाळी झिऱ्यात रोवला. सगळ्यांनी त्याला 'इंजिनियर' म्हणत शाबासकी दिली. मला मात्र आतून चरचरत होतं, पण मला वाचा नाही.

सकाळी पाड्यातली म्हातारी चिमाबाई आली. ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली.

"कोणी भरू नका गं."

"तीन डाव साबणानं धुयेल शे, मावशी," झुंबर म्हणाला.

"मंग तूच पी. तुझे पोरीला मागून पाज."

बाया हसल्या. झुंबरने ओंजळ उचलली. रंगखात्याचा तोच वास नाकात शिरला. त्याच्या हातातून पाणी गळून गेलं. चिमाबाई येण्याआधीच, पहाटे शैलजाने घागर भरून नेली होती. तो धावत सुटला. चुलीवर जयाच्या घुटीसाठी पाणी उकळत होतं. त्याने ते अंगणात ओतलं आणि तिथेच बसला.

दुपारी त्याने ड्रम उपटून काढला. चिमाबाईने बांबूचं बिनबुडाचं टोपलं विणून दिलं. वरच्या अंगाला नवा झिरा खोदून त्यात ते बसवलं. वाळू थांबली, पाणी गोड आलं.

"आता इंजेर झालास," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यावर उपकार करणारे पुष्कळ झाले. पण माझं पाणी चाखायला आधी स्वतःची जीभ पुढे करणाऱ्या माणसांची मी जन्माची ऋणी आहे. तुमच्या गावच्या पाण्यात काही ठेवण्याआधी, ते पिणाऱ्यांना विचारा.

चिमाबाई १९९६ साली, होळीनंतरच्या तिसऱ्या दिवशी, म्हातारपणाने वारली.