पाचव्या गावाचा ठराव

भुजंगराव मला ‘मॅडम’ म्हणाले की मी सावध होते. एरवी मी त्यांच्यासाठी ‘सितारामची पोरगी’, तेही मी समोर उभी असताना, दुसऱ्याच कुणाकडे तरी बघून. वरूडटाकळीचे ते बडे बागायतदार. कालव्याची चारी आधी त्यांच्या शिवारात शिरते, मग मधल्या दोन गावांतून जाते आणि शेवटी, काही उरलंच तर, आमच्या कोरटवाडीत येते. उरत नव्हतं. त्यांच्याकडे ऊस डोक्यावर गेलेला असायचा आणि आमच्याकडे चारीत पोरं क्रिकेट खेळायची. त्यावरून दरवर्षी डोकी फुटायची.

मी पूर्णेला कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. संघराज्याचा धडा आला की पोरांना वाटतं, छोटी छोटी राज्यं प्रेमानं एकत्र येत असतील. मी सांगते, प्रेम वगैरे काही नाही. एकटं राहिलो तर मरू ही एक भीती, आणि एकत्र गेलो तर दुसरा गिळेल ही दुसरी. या दोन्ही भीती असलेली माणसं एका टेबलाशी बसून जो कागद लिहितात, त्याला संघराज्याची घटना म्हणतात.

आमच्यावरही तीच वेळ आली. यापुढे पाणी एकाच मोठ्या दारातून मोजून मिळेल, चारही गावांनी संघ करावा आणि आपसात वाटून घ्यावं, असं कालव्याच्या कचेरीनं कळवलं. एकमेकांचं तोंड न बघणारी चार गावं ताडकळसच्या एका मंगल कार्यालयात जमली. कोरटवाडीनं प्रतिनिधी म्हणून मला पाठवलं. भुजंगरावांशी भांडायला गावाला तोंड हवं होतं, आणि ते मला आहे. घटना लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, कारण बाकीच्यांना लिहिण्यापेक्षा ओरडण्यात रस होता.

“ज्याची जमीन जास्ती त्याची मतं जास्ती,” भुजंगरावांनी सुरुवातच अशी केली.

“मग संघ कशाला? तुमचंच राज्य म्हणा की,” मी म्हटलं. “प्रत्येक गावाला एक मत. न्हाईतर आमी निघालो.”

मधली दोन गावंही खुर्च्या सरकवून उभी राहिली, कारण गिळले जायची भीती त्यांनाही होती. भुजंगरावांनी दात खात मान्य केलं. मग मी दुसरं कलम लिहिलं. संघाचा अधिकार गावाच्या दारापर्यंत, म्हणजे चारीतून गावाला पाणी सुटतं तिथपर्यंत. दाराच्या आत पाणी कसं फिरवायचं ते गावानं ठरवायचं, संघानं त्यात पाय घालायचा नाही. वरूडटाकळीची माणसं काठ्या घेऊन आमच्या शिवारात शिरायची ते मी लहानपणी पाहिलं होतं, म्हणून ते कलम मी फार कडक लिहिलं. ही दोन कलमं बदलायची तर चारही गावांच्या सह्या हव्यात, हेही लिहिलं. शेवटी, चारीवर ज्याचं स्वतंत्र दार असेल असा नवा सभासद तिघांच्या मतानं संघात घेता येईल, असं एक कलम टाकलं. ते कुणी नीट ऐकलंही नाही, सगळ्यांना जेवायची घाई झाली होती.

भुजंगरावांनी मात्र हात पुसता पुसता विचारलं, “मॅडम, उद्या एखाद्या गावानं आपल्याच माणसाला कोरडं ठेवलं तर त्यानं कुणाकडं जायचं?”

“आमचं आमी पाहून घेऊ,” मी फटकन म्हणाले. कोरटवाडीच्या पाणी कमिटीचा अध्यक्ष परमेश्वर मागून टाळ्या वाजवायला लागला. आम्ही दोघं एका वर्गात होतो. त्याच्या टाळ्यांमुळे मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या रब्बीला खरंच पाणी आलं. परमेश्वरनं दारावर नारळ फोडला, मला पहिला पेढा दिला. आणि महिन्याभरात त्यानं ऊस लावला. ज्या उसाला कोरटवाडीनं बापजाद्यांपासून शिव्या घातल्या तोच ऊस! त्याचं बघून त्याच्या भावकीनंही लावला.

आमची पाच घरं नाल्यापलीकडे, बौद्धवस्तीत. आमच्या पाच शेतांना चारीवर वेगळं दार आहे, अगदी शेवटचं. पहिल्या पाळीला तिथं पाणी पोचलं. दुसऱ्या पाळीला चिखल पोचला. तिसऱ्या पाळीला काहीच नाही. बाबांचा गहू पोटऱ्यात आलेला होता, ओंबी अजून बाहेर पडायची होती, आणि त्याला एका पाण्याची नड होती.

मी परमेश्वरला त्याच्या उसाच्या बांधावरच गाठलं.

“आमचं पाणी कुठंय?”

“ताई, लाइनीनं चाललंय. तुमी शेवटाला येता, त्याला मी काय करू?”

“शेवटाला म्हणून कोरडं राहायचं असतं, तर आपण भुजंगरावांशी भांडलो कशाला?”

“ते येगळं. ते गावागावातलं होतं. हे घरातलं हाय.”

“घरातलं? मग तुझ्या कमिटीत आमच्या वस्तीचा माणूस कोण हाय सांग.”

त्यानं हातातलं खोरं चारीच्या कडेला रोवलं. “कमिटी गावानं निवडली. आन् गावातलं गावानं पाहावं हे तूच लिव्हलंय. आता संघाकडं बोंबलत जाऊ नको. गावाची इज्जत जाती.”

माझ्या तोंडाला तोंड देणारी माणसं कमी आहेत. त्या दिवशी मी बांधावरून मागं फिरले. माझंच कलम त्याला पाठ होतं.

गेले मग भुजंगरावांकडे. ओसरीवर ते कपबशीतून चहा पीत होते. मला कागदी कपात आला. मी तो खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा असा खुलला की तो गरम चहा त्यांच्या अंगावर ओतावा असं मला वाटलं.

“लय वाईट झालं. पर माझे हात तुमीच बांधलेत न मॅडम! दाराच्या आत मी पाय घालायचा न्हाई.”

“कलम बदलू.”

“बदलू की. संघाला गावाच्या आत जायचा अधिकार देऊ. तुमच्या पाच शेतांना परवाच पाणी लावतो, माझी माणसं हुभी करून. फकस्त त्याच कागदावर दुसरं बी लिव्हू. मत जमिनीपरमाणं.” त्यांनी बशी संपवली. “मधल्या दोघांचं मी बघतो. कोरटवाडीची सही तुमच्याकडंच हाय.”

त्यांनी हे आधीच जुळवून ठेवलं होतं. गावानं प्रतिनिधी बदलेपर्यंत माझी सही हीच गावाची सही. मी सही केली तर बाबांचा गहू वाचणार होता, आणि कोरटवाडीचं मत कायमचं जाणार होतं. मग पुढच्या वर्षी भुजंगरावांनी दार दाबलं तर आधी सुकणार ती आमचीच पाच शेतं.

घरी हे सांगितलं तर आई म्हणाली, “कर सही. गावानं आपल्यासाठी काय केलंय?”

बाबा गव्हाची एक पोटरी घेऊन बसले होते. ती त्यांनी नखानं उकलून माझ्यापुढं धरली. आतली ओंबी मऊ, पांढुरकी होती. “मला पाणी पाहिजे,” ते म्हणाले. “तुझी घटना तू बघ.”

मला बाबांचाही राग आला. पण बोलणार काय? पोटरी त्यांची होती आणि घटना माझी.

सभा पुन्हा त्याच मंगल कार्यालयात भरली. परमेश्वर चार माणसं घेऊन आला होता. बाबा मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. भुजंगरावांनी कागद माझ्यापुढं सरकवला, पेन स्वतःच्या खिशातलं काढून दिलं.

“मी सही करणार नाही,” मी म्हटलं. “गावाचं मत विकायला मला गावानं पाठवलेलं नाही.”

“शाब्बास!” परमेश्वर उठून टाळ्या वाजवायला लागला. तशाच, पहिल्या दिवसासारख्या.

“बस खाली,” मी त्याला म्हणाले. “माझं झालेलं न्हाई.” आणि मी ते न ऐकलेलं कलम मोठ्यानं वाचलं. चारीवर स्वतंत्र दार असेल त्याला तिघांच्या मतानं संघात घेता येईल. “नाल्यापलीकडच्या पाच घरांना स्वतंत्र दार आहे. त्यांना पाचवं गाव म्हणून संघात घ्यावं. बाकीच्यांइतकंच एक मत, आणि पाणी थेट संघाकडून. हा ठराव मी मांडते.”

टाळ्या थांबल्या. भुजंगरावांचं हसू गेलं.

“पाच घरांना एक मत? आन् माझ्या अख्ख्या गावाला बी एकच?”

“मागच्या वेळी कोरटवाडीबद्दल तुमी हेच म्हणाला होता.”

“गाव फोडायलीस व्हय?” परमेश्वर माझ्यावर धावून आल्यासारखा पुढं आला. “आज ह्यांना पायजे, उद्या आणखी कुणाला. हे चालू द्यायचं न्हाई!” त्यानं आपल्या चार माणसांकडे पाहिलं. ती कमिटीचीच होती. त्यांनी माना हलवल्या. “कोरटवाडीचा प्रतिनिधी आतापासून मी. लिव्हून घ्या.”

भुजंगरावांनी शेजारच्या खुर्चीवरचा आपला पंचा उचलला आणि परमेश्वरला बसायला जागा करून दिली. एकमेकांच्या बापांची डोकी फोडलेली ही दोन घराणी. परमेश्वर बसला. दोघांच्या मांड्या एकमेकींना लागल्या होत्या, इतक्या त्या खुर्च्या जवळ होत्या.

“ठरावाच्या इरोधात कोण?” भुजंगरावांनी विचारलं आणि स्वतःचा हात वर केला. परमेश्वरनं केला. मधल्या दोघांनी एकमेकांकडे बघून केला. संघ झाल्यापासून चारही गावांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. ते त्या दिवशी झालं.

“बाजूनं?” मी विचारलं. मला आता मत नव्हतं, पण सभेचं लिहायचं काम अजून माझ्याकडेच होतं.

मागं भिंतीपाशी बाबांनी हात वर केला. सगळे वळून बघायला लागले तरी तो खाली आला नाही.

“सितारामला मत न्हाई,” भुजंगराव म्हणाले. “लिव्हा मॅडम. सर्वानुमते नामंजूर.”

मी लिहिलं, ‘विरोधात चार. बाजूनं एक हात वर होता, तो मोजला नाही.’

त्यांनी वाकून वाचलं. “असं लिव्हता येत न्हाई.”

“कोणत्या कलमात?” मी विचारलं.

परमेश्वर माझ्याकडे न बघता खाली फरशीकडे बघत राहिला. मी पेन भुजंगरावांना परत दिलं आणि मागं गेले. बाबांचा हात अजून वरच होता. मी तो धरून खाली घेतला.

गहू आम्ही पुढच्या आठवड्यात वैरणीसाठी कापला.